तिसऱ्या कप्प्यातली डबी

१

फोलाके मॅडमचा उजवा गाल पांढरा पडला, तेव्हा डॉक्टर फाटोयेंनी सुई नुकतीच बाहेर काढली होती आणि नर्स रोंके कापसाचा बोळा पुढे करत होती. काळ्याभोर, तुकतुकीत कातडीवर राखेची चिमूट सांडावी तसा तो डाग. बघता बघता तो नाकाच्या कडेपर्यंत सरकला आणि त्याच्याभोवती जांभळट जाळी उमटली.

"विरघळवायची बाटली," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रोंके धावली.

गालात भरतात ती एक प्रकारची जेली. हजारात एखाद्या वेळी ती चुकून रक्तवाहिनीत शिरते आणि रक्ताची वाट अडवते. मग त्या जागेची कातडी काही तासांत मरायला लागते. तिच्यावर उतारा एकच, ती जेली विरघळवणारं औषध. बोटाच्या पेराएवढी बाटली, पांढऱ्या डबीत, फ्रिजच्या तिसऱ्या कप्प्यात. ती जागेवर नसेल तर डॉक्टर फाटोये सुईला हात लावत नसत. बोडिजा वस्तीतल्या या वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याचा तो पहिला नियम होता.

रोंकेने डबी उघडली. आत औषधाचा घडी घातलेला कागद होता. बाटली नव्हती.

पुढचा तास तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवला. सिस्टर बोसेडेने रिंग रोडपलीकडच्या दवाखान्याला लावलेला फोन, गालावर पुन्हा पुन्हा ठेवलेले गरम टॉवेल, तिच्या मनगटात रुतलेली फोलाके मॅडमची नखं. मोटारसायकलवाला बाटली घेऊन जिना चढला तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी औषध टोचलं, गाल चोळला, पुन्हा टोचलं. हळूहळू राख पुसली गेली आणि खालचा रंग वर आला. गाल वाचला.

भीती ओसरली तशी फोलाके मॅडमना वाचा फुटली. आठवडाभर त्यांनी लसूण खाल्ला नव्हता, आलं खाल्लं नव्हतं, डोकं फुटायची वेळ आली तरी गोळी घेतली नव्हती, चुलतबहिणीच्या साठीला घोटभर वाइनसुद्धा तोंडाला लावली नव्हती. सुईनंतर गाल काळानिळा पडू नये म्हणून जे जे सांगितलं ते सगळं पाळलं होतं. दोन आठवड्यांवर मुलीचं लग्न, आणि हे असं? त्यांनी स्पष्ट सांगितलं, बाटली चोरणाऱ्याचं नाव सोमवारी सकाळी हातात आलं नाही तर तक्रार पोलिसांत जाईल.

त्यांना गाडीत बसवून आल्यावर डॉक्टरांनी फ्रिजची वही उघडली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिन्ही सकाळी एकच ओळ होती, 'बाटली एक, आहे', आणि खाली रोंकेची सही.

"सोमवारी नऊपर्यंत वाट बघते, रोंके. मग मला नर्सिंग कौन्सिलला पत्र लिहावंच लागेल."

म्हणजे नोंदणी गेली. आईने अंगावरची चांगली लुगडी विकून शिकवलं होतं, ते सगळं एका पत्रात संपणार. नवरा पोर्ट हार्कोर्टला, सात महिन्यांची सिमी पाठीला बांधलेली, आणि पदरात फक्त नोंदणीतलं तेवढं एक पूर्ण नाव, नर्स इबिरोंके.

डॉक्टरांना एक गोष्ट अजून माहीत नव्हती. त्या तीन सह्यांपैकी दोन रोंकेने डबी न उघडताच केल्या होत्या.

२

गुरुवारची सही खरी होती. त्या सकाळी तिने बाटली उजेडात धरून बघितली होती, आतली पांढरी भुकटी हलवून बघितली होती. गुरुवारी रात्री सिमीला ताप चढला. शुक्रवारी आणि शनिवारी रोंके डोळे चोळत कामावर आली, फ्रिज उघडला, डबी जागेवर दिसली, सही केली. एरवी ती घराला लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि नेमकी इथेच चुकली.

म्हणजे बाटली गेली ती गुरुवार सकाळ ते शनिवार सकाळ यांच्यामध्ये. फ्रिज तिच्याच छोट्या खोलीत, तिच्या स्टुलामागे. त्या दोन दिवसांत तिथे कोण कोण आलं, हे तिने मनातल्या मनात मांडलं. डॉक्टर. शुक्रवारी औषधवाला कायोदे. आणि गुरुवारी तपासणीला आलेल्या अबेजे आजी, म्हणजे फोलाके मॅडमच्या आई, सोबत नात जादेसोला, तीच जिचं लग्न होतं. शनिवारी सकाळी रोंकेच्या आधी आलेली सिस्टर बोसेडे.

तिने फ्रिज पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला. आणखी एक गोष्ट कमी होती. सूज उतरवायला ठेवलेल्या बर्फाच्या निळ्या पिशव्या सहा असायच्या. पाच होत्या.

सिस्टर बोसेडे मागच्या खोलीत टॉवेल उकळत होती. साठीला टेकलेली, जाडजूड, जिभेला धार. तिच्या भाचीला ही नोकरी हवी आहे हे दवाखान्याच्या जिन्यालाही माहीत होतं. रोंकेने गुडघे वाकवून अभिवादन केलं आणि विचारलं, फ्रिजला हात लावला होता का.

बोसेडेने चिमट्यानेच कोपऱ्याकडे खूण केली. तिथे प्लास्टिकच्या नव्या तपेल्या रचल्या होत्या आणि प्रत्येक तपेलीवर एका म्हाताऱ्याचा हसरा फोटो छापलेला होता. काकाच्या दफनाला ती बुधवारी संध्याकाळीच इजेबूला गेली होती, पाहुण्यांना वाटलेल्या त्या तपेल्या घेऊन आज सकाळी बसथांब्यावर उतरली ती तिथून थेट डॉक्टरांच्या गाडीतूनच इथे. डॉक्टरांसोबत आत आली, डॉक्टरांसोबत टेबल पुसलं. फ्रिज उघडायला वेळ कुठे होता.

"पाठीला पोर बांधलेल्या बाईचे डोळे पाठीला असतात, सिमीची आई," ती म्हणाली. "मी तुला दोष देत नाही. माझेही तसेच होते. पण त्या काळी मी डब्या मोजत नव्हते, आतल्या बाटल्या मोजत होते."

रोंकेचे कान गरम झाले. डब्या मोजल्याचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारीने ते नुसत्या चेहऱ्यावरून वाचलं होतं. आणि ती म्हणाली ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

पण इजेबूच्या तपेल्या खोटं बोलत नव्हत्या. डॉक्टर स्वतःचीच बाटली चोरणार नाहीत, आणि आजी-नातीचा तर तिला संशयही आला नाही. उरला कायोदे.

३

कायोदे बसथांब्याजवळ निखाऱ्यावर भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात उभा होता. मोटारसायकलच्या मागे त्याची औषधांची थर्मोकोलची पेटी. रोंकेला बघताच त्याने अर्धं केळं पुढे केलं, आणि तिचा चेहरा बघून मागे घेतलं.

शुक्रवारी त्याने कातडी बधिर करायचं मलम फ्रिजमध्ये ठेवलं होतं, हे त्याने लगेच मान्य केलं. मग खो खो हसला. तिला वाटलं, हा उडवून लावतोय. पण तो समजावत होता.

"सिमीची आई, मी चोर आहे असं धरून चाला. मी काय नेईन? डबी. अख्खी. डबीवर तारीख, डबीवर नंबर, डबीवर शिक्का. डबीशिवाय ती बाटली म्हणजे नंबरपाटी नसलेली गाडी. या शहरात फुकट दिली तरी कोणी घेणार नाही, आत साखर भरली असेल म्हणतील."

बर्फाच्या पिशवीचं विचारल्यावर त्याने नुसती पेटी थोपटली. ती बर्फाने गच्च होती. तिच्या एका निळ्या पिशवीचं तो काय करणार.

सिमी पाठीवर कुरकुरली. रोंके उभ्या उभ्या डुलत तिला थोपटू लागली, आणि डुलता डुलता तिच्या डोक्यात गोष्टी एकेक करून जागेवर बसू लागल्या. चोराने बर्फाची पिशवी नेली, म्हणजे बाटली थंड ठेवावी लागते हे त्याला ठाऊक होतं, पण त्याच्याजवळ पेटी नव्हती. डबी मागे ठेवली, म्हणजे बाटली विकायची नव्हती, आणि ती गेल्याचं लगेच कळूही द्यायचं नव्हतं.

मग ती हवी होती कशाला? त्या औषधाचा जगात उपयोग एकच.

"कोणाच्या तरी गालात गेली ती," रोंके स्वतःशीच म्हणाली.

कायोदेने शेंगदाणा तोंडात टाकता टाकता हात थांबवला. "पण असं कोण करेल? गाल भरून घ्यायला लोक रांगा लावतात. रिकामा करून घ्यायला कोण चोरी करेल?"

४

आपल्या खोलीच्या पायरीवर सिमीची लंगोटं पिळताना रोंकेने गुरुवार पुन्हा एकदा पहिल्यापासून आठवायला घेतला.

अबेजे आजी ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही गालांवर तीन तीन आडव्या रेषा, लहानपणी सुरीने कापलेल्या. त्यांच्या वेळच्या पोरीबाळींच्या गालांवर असायच्याच. कोण कुठल्या गावची, कुठल्या घराण्याची, हे चेहऱ्यावरच लिहिलेलं. तीन आठवड्यांपूर्वी फोलाके मॅडम त्यांना घेऊन आल्या आणि त्या सहाही रेषा जेलीने भरून घेतल्या. नवरदेवाकडचे लोक लागोसचे, बंगलेवाले. फोटोत आईचे गाल गुळगुळीत दिसावेत एवढीच फोलाके मॅडमची इच्छा.

रेषा खरंच भरल्या गेल्या. रोंकेने तेव्हा आरसा धरला होता. आजींनी त्यात बराच वेळ बघितलं आणि मग आरशामागे कोणी बाई उभी आहे का, असं वाकून पाहिलं होतं.

रोंकेची आजी ओग्बोमोशोची. तिच्याही गालांवर रेषा होत्या. लहानपणी रोंके तिच्या कुशीत झोपायची ती बोट त्या खाचांतून फिरवत. वरची, मधली, खालची. खालच्या रेषेपर्यंत बोट पोचायच्या आत झोप लागायची. आजीच्या अंगाला शिआच्या बियांच्या लोण्याचा वास, बाहेर कोणीतरी रताळं कांडत असायचं, उखळाचा आवाज भिंतीतून अंगात यायचा. ते घर आता नाही. तिथे पेट्रोलपंप झाला. आजीचा एक फोटो आहे, त्यात ती उन्हात उभी आहे आणि चेहरा नेमका सावलीत.

म्हणूनच, मागच्या खेपेला अबेजे आजींनी हळूच विचारलं की हे कधी जाईल, तेव्हा तिने त्यांना टाळलं नाही. आपोआप जायला वर्ष लागेल, म्हणाली. नाहीतर तिसऱ्या कप्प्यातली ती बाटली, दोन दिवसांत जातं. आणि बोटाने फ्रिज दाखवला.

पिळलेलं लंगोट तिच्या हातातच राहिलं.

गुरुवारी आजी नातीला घेऊन तिच्या खोलीत आल्या. तिने गुडघे टेकले. एरवी म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवतात, दोन शब्द बोलतात, उठायला सांगतात. पण अबेजे आजींनी तिला तिच्या लाडाच्या नावाने हाक मारली, "अमोके." ते नाव तिची स्वतःची आजी गेल्यापासून कोणी घेतलं नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी ते विचारून घेतलं होतं, हेही ती विसरली होती. मग त्यांनी तिच्या कुळाची ओरिकी म्हणायला सुरुवात केली, पूर्वजांची एकामागून एक स्तुतिनावं, जुन्या सुरात. तांबड्या मातीतून बी उचलणाऱ्याची लेक, दुष्काळात दार न लावणाऱ्या बाईची नात, तिच्या आजीची, तिच्याही आजीची. ओरिकी चालू असताना कोणी उठत नाही. मान वर करत नाही. रोंके गुडघ्यांवर, डोळे जमिनीकडे, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

तिची पाठ फ्रिजकडे होती.

उठली तेव्हा जादेसोला दाराशी उभी होती, हातात बर्फाची निळी पिशवी. आजीच्या गालाला हवी म्हणाली. रोंकेने भान नसल्यासारखी मान हलवली आणि नंतर ते विसरूनही गेली. बर्फ लागतो तो पहिले दोन दिवस. गाल भरून तीन आठवडे झाले होते. ही गोष्ट तिच्याइतकी कोणाला ठाऊक असणार. पण त्या क्षणी ती नर्स नव्हतीच, ओग्बोमोशोच्या कुशीतली पोर होती.

आणि जादेसोला दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज दहा जणांच्या हिरड्यांत सुई टोचणारा हात.

रोंकेला सगळ्यांत जास्त कशाने दुखलं, तर चोरीने नव्हे. अख्ख्या जगात तिला त्या नावाने हाक मारणारं एक माणूस मिळालं होतं, आणि ती हाक बाटलीसाठी होती.

५

रविवारी चर्चनंतर ती सिमीला पाठीला बांधून त्यांच्या घरी गेली. अंगणात लग्नघराची गडबड होती. शिजवायच्या गोगलगायींचं टोपलं, फोडलेल्या शंखांचा ढीग. फोलाके मॅडम वरच्या खोलीत तीन उशांना टेकून बसल्या होत्या, आडवं व्हायचं नाही, पातेल्यांच्या वाफेजवळ जायचं नाही, गाल चोळायचा नाही, या डॉक्टरांच्या हुकमांनी बांधलेल्या. खालून कांद्याचा वास आला तरी वरून त्यांची आरडाओरड ऐकू येत होती.

अबेजे आजींची खोली मागच्या बाजूला. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलं होतं. दाढ दुखते म्हणून, असं कामवाली म्हणाली. खिडकीच्या फळीवर तीन मोठे शंख ओळीने ठेवले होते. ते अंगणातल्यासारखे फोडलेले नव्हते. फक्त टोक तेवढं उडवलेलं.

रोंके त्या शंखांकडे बघत उभी राहिली. खायची गोगलगाय अख्खी फोडतात. टोक उडवतात ते आतलं गार पाणी गाळून घ्यायला. तिच्या आजीने सांगितलं होतं, रेषा कापल्यावर पोर किंचाळू लागलं की तेच पाणी जखमेवर सोडायचे. आग थांबायची. आज ते पाणी कोणाला लागतं?

तिने गुडघे टेकले. या खेपेला मान वर ठेवून.

"आजी, फडकं काढता का? मी नर्स आहे. दाढ बघते."

आजी हसल्या आणि गाठ सोडली. दोन्ही गालांवर तीन तीन रेषा, पहिल्यासारख्याच खोल. रेषांच्या कडेने बारीक ठिपके, ओळीत, समान अंतरावर. सुईचे ठिपके तीन आठवडे राहत नाहीत. चार दिवसांत मावळतात. हे मावळत आले होते.

गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते हेच, रोंकेच्या मनात आलं. काठी टेकत, खोकत, जिना चढायला दोन माणसं लागणारी म्हातारी.

जादेसोला दारात येऊन उभी राहिली होती. रोंकेला तिथे बघून तिने एका हाताने चौकट धरली. तिला काही विचारावं लागलं नाही. आईच्या गालाचं शनिवारी दुपारी कळलं, तेव्हापासून ती जेवली नव्हती. आईला त्या दिवशी सुई आहे हे तिला माहीतच नव्हतं. मॅडमनी ते लेकीपासून लपवलं होतं, लग्नात एकदम दिसू दे म्हणून. सोमवारी कायोदेकडून नवी बाटली विकत घेऊन गुपचूप डबीत ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. चार दिवसांचाच प्रश्न होता, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"त्या चार दिवसांतच तुझ्या आईचा गाल गेला असता," रोंके म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "आणि आजींना काही झालं असतं तर? घरात टोचलंस. बाजूला कोणी नव्हतं."

"हे करायला मीच सांगितलं तिला," अबेजे आजी म्हणाल्या. "तिला बोलू नकोस. आधी मी तुमच्या डॉक्टरांनाच विचारलं होतं, दुसऱ्या खेपेला. काढून टाका म्हटलं. त्या हसल्या, फोलाकेकडे बघितलं. फोलाके म्हणाली, आईला सवय होईल. चेहरा माझा, आणि विचारलं कोणाला?"

अंगणात एक शंख फुटल्याचा आवाज आला.

"बापाने माझा हात धरला होता, या कापल्या तेव्हा," आजी पुढे म्हणाल्या. "त्याच्या गालावर याच होत्या. त्याचा फोटो नाही, काही नाही. रोज सकाळी तोंड धुताना तेवढा भेटायचा. तीन आठवडे भेटला नाही."

रोंकेने पाठीवरची सिमी सावरली. मग तिने सोमवारचं सांगितलं. नऊ वाजता पत्र जाणार. मी इथे आल्याचं कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगायचं असेल तर तुमचं तुम्ही सांगा. एवढं म्हणून ती उठली आणि मग दाराशी थबकली, कारण एक प्रश्न तिला घरी नेता येणार नव्हता.

"आजी, त्या दिवशीची ओरिकी... ती फक्त मला खाली बसवून ठेवायला होती?"

अबेजे आजींनी तिच्याकडे नीट बघितलं.

"बाटली दुसऱ्या नावालाच जादेच्या पिशवीत गेली होती, अमोके. तिने मला तुझ्या मागून खूण केली, पुरे. पण तू रडायला लागली होतीस. मग मी थांबले नाही."

६

सोमवारी नऊला पाच कमी असताना डॉक्टर फाटोयेंच्या टेबलावर लिहून तयार असलेलं पाकीट होतं. रोंके समोर उभी. नाव सांगणार नाही, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, आणि पाठोपाठ दुसरंही, जे कोणी विचारलं नव्हतं.

"शुक्रवारची आणि शनिवारची सही मी डबी न उघडता केली. बाटली कोणी नेली ही गोष्ट वेगळी. मी उघडून बघितलं असतं तर तुम्ही शनिवारी सुईला हात लावला नसता. तेवढं माझं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, एक पायरी.

आधी जादेसोला आत आली. तिच्यामागे अबेजे आजी, डोक्याला निळा रुमाल, गाल उघडे. त्यांच्यामागे फोलाके मॅडम, उजव्या गालावर पिवळट जांभळा वण आणि चेहऱ्यावर काहीच न समजल्याचा गोंधळ. मुलीने गाडीत फक्त एवढंच सांगितलं होतं, की डॉक्टरांसमोर सांगायचं आहे.

जादेसोलाने सांगितलं. उभ्याने, कोणतंही कारण पुढे न करता, बर्फाच्या पिशवीपासून सोमवारच्या बेतापर्यंत. शेवटी म्हणाली की कौन्सिलला पत्र जायचं असेल तर तिच्या कॉलेजला जाऊ दे.

फोलाके मॅडम मुलीकडे बघत नव्हत्या. त्या आईकडे बघत होत्या. घरात चार दिवस फडक्याआड असलेला चेहरा त्या आत्ता, भर उजेडात, पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि मग आईच्या डाव्या गालाला बोट लावलं.

"ही मधली आखूड आहे," त्या म्हणाल्या. "मी विसरले होते."

"मी मान हलवली होती," अबेजे आजी म्हणाल्या. "बापाने धरलं होतं तरी."

फोलाके मॅडमनी बोट तिथून काढलं नाही. बोलायला गेल्या तेव्हा त्यांचा दुखरा गाल थरथरला, तसा त्यांनी दुसरा हात स्वतःच्या गालावर धरला. तशाच, एक हात आईच्या गालावर आणि एक आपल्या, त्या डॉक्टरांना म्हणाल्या की तक्रार त्यांची होती आणि ती त्या मागे घेत आहेत. मुलीचं काय करायचं ते घरी बघतील. आणि घरी ते सोपं जाणार नाही, हेही त्यांनी मुलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"तुमच्या आईने मला विचारलं होतं," डॉक्टर फाटोये हळूच म्हणाल्या. "मी उत्तर तुमच्याकडे मागितलं. माझ्याकडून ही चूक पुन्हा होणार नाही, आजी."

आजींनी क्षमा केली की नाही ते कळलं नाही. त्या खुर्ची शोधत होत्या. सिस्टर बोसेडेने, कोणी न सांगता, तिची ती म्हाताऱ्याच्या फोटोची तपेली बाजूला सारून स्टूल पुढे ओढलं.

डॉक्टरांनी टेबलावरचं पाकीट उचललं, मधोमध फाडलं आणि अर्धे तुकडे खणात, अर्धे कचऱ्यात टाकले, जणू आपण काय करतोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग रोंकेकडे बघितलं. शनिवारपासून पहिल्यांदा सरळ बघितलं.

"त्या दोन सह्यांबद्दल आपण संध्याकाळी बोलू. बराच वेळ बोलू," त्या म्हणाल्या. "आत्ता बाहेर तीन बायका बसल्यात, त्यातली एक तर केव्हापासून पाय आपटतेय. पहिलीला आत घे, नर्स."

रोंकेने सिमीची गाठ पाठीवर घट्ट केली, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि यादीतलं पहिलं नाव पुकारलं. आवाज थोडा फाटला. तिने घसा साफ केला आणि ते नाव पुन्हा, नीट पुकारलं.